लाल ठिपक्याच्या पुंगळ्या

“पितळेला तोंड नाही, म्हणून काय सगळं त्याच्याच माथी मारायचं का राइनी?” असं एमिल गॅरेजमध्ये पुटपुटला, आणि दाराच्या अलीकडे आडव्या फ्रीझरमध्ये कमरेपर्यंत वाकून कोबी-खिम्याच्या बनांची पिशवी शोधणाऱ्या टिलीने ते ऐकलं. दार पातळ होतं, आणि एमिल, तिचा धाकटा दीर, जन्मात कधी हळू बोलायला शिकला नव्हता. त्याचं पुटपुटणं म्हणजे दुसऱ्याचं बोलणं. राइनी, म्हणजे तिचा नवरा राइनहोल्ड, काहीतरी म्हणाला ते मात्र ऐकू आलं नाही. राइनहोल्डचं बोलणं आधी छातीत मुरायचं आणि उरलंसुरलं बाहेर यायचं. मग पुन्हा एमिल. “कुणीतरी सांगायला हवं. मोसम सुरू व्हायच्या आत. तुझी पोर येतेय, मार्लिस.” मग बूट आपटल्याचा आवाज, मग दोघांचं खोकणं, बायकोच्या घरात शिरण्याआधी पुरुष खोकतात तसं. टिली फ्रीझरमध्येच वाकलेली राहिली. गार वाफ तिच्या चेहऱ्यावर येत होती. काय सांगायला हवं, आणि कुणी कुणाला? तिने हाताकडे पाहिलं. हात पिशवीवर होता, बन धरून होता, सगळं ठीक होतं. ती पिशवी घेऊन वळली, आणि आत आलेल्या दोघांनी तिच्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं, की ती घाईघाईने बन मोजायला लागली.

आदल्याच दिवशी, रविवारी चर्च सुटल्यावर सगळे टेकडीमागच्या चांदमारीवर गेले होते. शिकारीच्या मोसमाआधी रायफलींचा नेम तपासायचा हा दरवर्षीचा रिवाज. टिली ट्रकमध्ये कॉफीचा थर्मास घेऊन बसायची आणि गुडघ्यावर विणकाम ठेवायची, हल्ली नुसतंच ठेवायची. एमिलने बार काढला तेव्हा बाराबरोबर एक फुसकारा झाला आणि तो चेहऱ्यावर हात घेऊन मागे सरकला. बोल्ट मागे ओढल्यावर काडतुसाच्या पितळी पुंगळीचं नुसतं बूड बाहेर आलं. वरचं अंग नळीतच अडकून बसलं होतं, बाटलीचं बूड निखळावं तसं. चष्म्यामुळे डोळा वाचला. गालभर काजळ, आणि अर्धी भुवई गेलेली. एमिल म्हणाला, न्हाव्याचं अर्धं काम झालं, उरलेलं त्याला फुकटात करायला सांगतो. सगळे हसले. राइनहोल्ड हसला नाही. तो ते बूड तळहातावर घेऊन उलटंपालटं करून बघत होता, किती वेळ बघत होता, आणि मग त्याने ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि म्हणाला, “पितळ म्हातारं झालं.” एवढंच. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. टिलीनेही डोलावली. पण घरी येताना, बीटाच्या साखर कारखान्याचा तो ओल्या मातीसारखा, कुजक्या गोडीचा वास ट्रकच्या काचेतून आत येत असताना, तिच्या मनाने एक साधा हिशेब मांडला. तिच्या हातून तपासून गेलेलं पितळ असं तुटत नाही. ते तुटलं. म्हणजे ते तिच्या हातून गेलेलं नव्हतं.

कारण त्या घरात एक कायदा होता, आणि तो राइनहोल्डनेच केलेला होता. लग्नानंतर ती दोघं फिरत्या घरात राहायची, पत्र्याच्या, वारा आला की डबा वाजल्यासारखं वाजायचं ते. स्वयंपाकाच्या टेबलाच्या कडेला त्याने आपलं काडतुसं भरायचं दाबयंत्र बसवलं होतं. बाजारातून भरलेलं काडतूस विकत आणणं म्हणजे शेजारणीकडून पाव मागून खाण्यासारखं, असं त्याच्या घरात समजायचे. बार झाला की रिकामी पुंगळी वेचायची, घरी आणायची, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, बार पेटवणारी नवी टिकली, नवी दारू, नवी गोळी. पुन्हा बार. असं किती वेळा? यावर त्या घरात देवावर झाली नसतील एवढी भांडणं झाली. सासरा म्हणायचा, पितळ बायकोसारखं असतं, कमी दाबलं तर जन्मभर टिकतं, आणि सासू त्याच्या पाठीत लाटणं घालायची. एमिल म्हणायचा, पाच बार झाले की फेकून द्या. राइनहोल्ड म्हणायचा, हाताळण्यावर असतं. पुंगळीची मान वेळेवर तापवून मऊ केली तर ती चिरत नाही, आणि मानेने दगा दिलाच तर तो दिसतो तरी. दिसत नाही तो बुडाचा. दर बाराला पितळ जरा ताणतं, पुढे सरकतं, तोंडाशी वाढतं; वाढलेलं तोंड आपण कातरून टाकतो आणि पुंगळी पुन्हा मापात आली म्हणून खूश होतो. पण कातरलं ते आलं कुठून? बुडाच्या जरा वरून, आतल्या बाजूने, जिथे डोळा पोचत नाही तिथून. तिथे एक चर पडत जातो. बाहेरून फार तर एक उजळ रेघ, नाहीतर तीही नाही.

तो चर शोधायला राइनहोल्डने तिला एक तार दिली होती, कागद अडकवायची क्लिप सरळ करून टोकाला आकडा केलेली. तोंडातून आत घालायची, बुडापर्यंत न्यायची आणि भिंतीला घासत हलकेच वर ओढायची. चर असला तर टोकाला ठेच लागते. केसाएवढी ठेच. पहिल्याच संध्याकाळी त्याने चांगल्या म्हणून बाजूला काढलेल्या पुंगळ्यांतून तिने एक उचलून सांगितलं होतं, हिच्यात आहे. त्याने तीनदा तार फिरवली, त्याला लागेना. शेवटी करवतीने ती उभी कापली तर आत वाळल्या शेंगेत असावा तसा बारीक काळा वळ. त्या दिवशी राइनहोल्डने तार तिच्या हातात दिली ती कायमची. तेव्हापासून टिलीच्या बोटांखालून गेल्याशिवाय त्या घरात एकही काडतूस भरलं गेलं नाही. पास झालेल्या पुंगळीच्या बुडाला ती नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका लावायची, अगदी कडेला, मोहरीएवढा. नापास झालेलीचं तोंड पकडीने चेपून ती कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची, म्हणजे चुकूनही कुणी पुन्हा वापरू नये. ही बोटं काही पुंगळ्यांपुरती नव्हती. ड्रायक्लीनरच्या दुकानात ती कपडे दुरुस्तीला बसायची तेव्हा कोटाच्या अस्तरात हरवलेलं सुईचं टोक ती डोळे मिटून काढून द्यायची. गिऱ्हाइकं मुद्दाम बघायला थांबायची. राइनहोल्डने लग्नाआधी तिच्या रूपाचं कौतुक केल्याचं तिला आठवत नाही, पण बोटांचं त्याने चारचौघांत केलं होतं, एकदा, आणि तेवढ्यावर तिचा संसार झाला म्हटलं तरी चालेल.

सोमवारी दोघे भाऊ बन खाऊन गेले आणि टिलीने स्वयंपाकघरातला खिळा पाहिला. कॅलेंडरशेजारी त्या खिळ्यावर तिची तार असायची, आकडा भिंतीकडे. आज आकडा खोलीकडे होता. कुणीतरी ती काढून पुन्हा लावली होती. मग ती तळघरात गेली आणि कॉफीचा डबा पाहिला. डबा जागेवर होता, पण त्याची पातळी तिला खाली गेल्यासारखी वाटली. आणि इथे तिला एक गोष्ट मनातल्या मनात कबूल करावी लागली: हल्ली ती तोंडं चेपत नव्हती. कॅन्सरचे उपचार संपल्यापासून पकड दाबणं जमत नव्हतं, हातात जोर राहिला नव्हता, डॉक्टर म्हणालेच होते वेळ लागेल. नुसत्याच टाकायची ती पुंगळ्या डब्यात, धडधाकट तोंडाच्या. कुणालाही उचलता येतील अशा. आणि राइनहोल्ड कोण होता? ज्याच्या आईने पावाच्या पाकिटाच्या दोऱ्या जन्मभर गुंडाळून ठेवल्या, मेल्यावर तिच्या कपाटात पोरांना खजिन्याऐवजी दोऱ्यांचे गोळे सापडले, त्या आईचा मुलगा. वाकडे खिळे ठोकून सरळ करणारा. म्हातारपणी माणसाचं मूळ वर येतं. तिने त्याला डब्यातून पुंगळ्या वेचताना मनातल्या मनात इतक्या स्पष्टपणे पाहिलं, की पुढच्या दोन दिवसांत ते तिने खरोखरच पाहिलंय असं तिला वाटू लागलं. तो वेचतो. घुसळणीच्या यंत्रात टाकून चकचकीत करतो, म्हणजे बाहेरची उजळ रेघही पुसली जाते. आणि माझ्या पास केलेल्यांत मिसळतो. हे एमिलला कळलंय. म्हणून एमिल म्हणतो, सांगायला हवं. नवरा बायकोला सांगत नाही, कारण लाज वाटते. किंवा, आणि हे त्याहून वाईट होतं, त्याला स्वतःलाच आठवत नाही. एकदा त्याने गाडीची चावी दुधाशेजारी ठेवली होती. एकदाच, पण ठेवली होती.

संशयाचं एक बरं असतं, तो माणसाला कामाला लावतो. टिली नवऱ्याच्या मागावर राहू लागली. तो जिना उतरला की ती पीठ मळायला घ्यायची, कारण पीठ मळताना आवाज होत नाही. गोड पाव, कूखन, ती आईच्या पद्धतीने करायची. पीठ फुगलं की नाही हे बोटाने दाबून बघायचं असतं, पण हल्ली ती भांड्याला बाहेरून पेन्सिलीची खूण करायची आणि पीठ खुणेपर्यंत आलं की झालं म्हणायची. हे जास्त शास्त्रशुद्ध, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. तळघरातून खरखर यायची. लोखंड कापायच्या करवतीची, बारीक, मध्येच थांबणारी. तिने विचारलं तर तो म्हणाला, पाइपचं काम होतं. कुठला पाइप? कपडे धुण्याच्या यंत्राचा. तिने यंत्रामागे वाकून पाहिलं. पाइप सगळे जुने, धुळीने माखलेले. तर नवरा खोटं बोलतोय. इतक्या वर्षांत तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता. म्हणजे बोलला असेल तर चांगलं बोलला होता, आणि हे इतकं वाईट बोलला की तिला त्याचीच दया आली. त्याच संध्याकाळी मार्लिसचा सिएटलहून फोन आला. शुक्रवारी पोचते, शनिवारी पहाटे पप्पांबरोबर एल्क हरणांच्या मागे डोंगरात, यंदा पप्पांची जुनी रायफल माझी. मग तिने विचारलं, ममा, हात कसे आहेत? टिली म्हणाली, हाताला काय धाड भरलीय, थंडी आहे इथे, सगळ्यांचेच हात गार पडतात. मार्लिस म्हणाली, पप्पांना दे. राइनहोल्ड फोनची लांब वायर ओढत जिन्याच्या दाराआड गेला आणि तिकडून त्याचं ‘हं’, ‘हं’, ‘नाही अजून’ ऐकू आलं. नाही अजून. टिलीने सुई उचलली, शेजारणीच्या पडद्याची कड घालायला घेतली होती. थोड्या वेळाने पांढऱ्या पडद्यावर तांबडे डाग दिसले, एका रांगेत, टाक्यांसारखे. तिने सुई कुठे टोचली होती ते शोधलं. बोटाच्या पेरात ती अजून उभीच होती. तिने ती उपटली, पडदा गार पाण्यात टाकला, आणि या घरात आपल्यापासून काय लपवलं जातंय याचा विचार पुन्हा नेटाने सुरू केला.

रात्री तिला एमिलची भुवई दिसायची, आणि ती भुवई हळूहळू मार्लिसची व्हायची. मार्लिस चष्मा लावत नाही. बारा वर्षांची असताना ती आईच्या कुशीत तोंड खुपसून म्हणायची, बोटं फिरव ना, आणि टिली तिच्या केसांतून बोटं फिरवत बीटाच्या शेतातलं एकेक काटेरी बी काढायची, न बघता. कानामागे मार्लिसच्या एक बारीक तीळ होता, उंचवट्याचा; तो बोटाला लागला की टिलीला पोचल्यासारखं वाटायचं. यंदा उन्हाळ्यात मार्लिस आली होती तेव्हा टिलीने तिच्या कानामागून हात फिरवला, आणि तिला वाटलं, पोरीने तीळ काढून टाकला वाटतं. विचारायचं राहून गेलं. आता तिने ठरवलं, की मार्लिसची पेटी आपण स्वतः तपासायची. नवऱ्याला काही बोलायचं नाही. पुरावा हातात घ्यायचा, आणि मगच बोलायचं. राइनहोल्डशी पुराव्याशिवाय बोलणं म्हणजे गुरांशी हवामानाबद्दल बोलणं.

गुरुवारी चर्चमध्ये सॉसेज भरायचं होतं, पुरुष मंडळी दुपारभर तिकडे असणार होती. राइनहोल्डची गाडी वळणाआड गेल्यावर टिली तळघरात उतरली. मार्लिसच्या नावाची पेटी फळीवर होती, आणि रिकामी होती. एकही काडतूस भरलेलं नव्हतं. परवावर मोसम आला आणि राइनहोल्ड कौट्झच्या घरात पेटी रिकामी. तिने कॉफीचा डबा ओतला. पुंगळ्या खणखणत ओट्यावर पसरल्या. तिने टाकलेल्या होत्या तेवढ्या सगळ्या असाव्यात, खात्रीने कसं सांगणार. मग तिने ओट्याखालची खणपेटी ओढली. मागे, चिंध्यांच्या खाली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, नाताळचं चित्र असलेला, आणि तो उघडताना तिच्या मनात अगदी लाजिरवाणा विचार येऊन गेला, की दुसऱ्या बाईची पत्रं असती तर बरं झालं असतं. आत पुंगळ्या होत्या. उभ्या कापलेल्या, दोन-दोन अर्धुकं, सोललेल्या शेंगांसारखी एकाशेजारी एक निजवलेली. करवतीची खरखर ही होती तर. तिने एक अर्धुक खिडकीपाशी नेलं. बुडाच्या जरा वर, आतल्या अंगाला, चर. बारीक नव्हता. आंधळ्याला दिसावा असा खोल, काळा. दुसऱ्यात तसाच. तिसऱ्यात तर भिंत उजेडाला धरल्यावर कागदासारखी वाटत होती. आणि प्रत्येकीच्या बुडाला लाल ठिपका होता.

ती लगेच हरली असती तर ती टिली कसली. तिच्या मनाने उडी मारून पुढचं दार उघडलं: ठिपके त्यानेच लावले. माझी रंगाची बाटली घेतली, नापास पुंगळ्यांना माझी खूण ठोकली, आणि नंतर मन खाल्लं म्हणून कापून बघत बसला. असं होऊ शकतं. माणसं काय काय करतात. ती पुंगळ्या उलट्या करून ठिपके बघू लागली, सही पारखणाऱ्या कारकुनासारखी. तिचा ठिपका ती ओळखणार नाही? मोहरीएवढा, कडेला, नेमका. हे ठिपके मोहरीएवढे नव्हते. मसुरीएवढे होते, पसरलेले, काही टिकलीच्या खाचेत ओघळलेले, एकाला तर कडेने बोटाचा ठसा चिकटलेला. पाहा, म्हणजे माझे नव्हेतच, असं तिने मनात म्हटलं. आणि मग, तो विचार पुरा व्हायच्या आत, तिची नजर स्वतःच्या डाव्या हाताकडे गेली. अंगठ्याच्या नखाभोवती, कातडीवर, पेराच्या घडीत, लाल रंगाचे वाळलेले डाग. गेल्या आठवड्यातले. धुऊन गेले नव्हते, कारण ते तिथे आहेत हे तिला कळलंच नव्हतं. डब्याच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेलं, आणखी एक काहीतरी होतं. एमिलच्या पुंगळीचं काजळलेलं बूड. राइनहोल्डने त्याच्या कडेची काजळी अंगठ्याने पुसली होती, तेवढीच, आणि तिथून तिचा लाल ठिपका तिच्याकडे बघत होता.

गाडीचा आवाज तिला ऐकू आला, जिन्यावरची पावलंही. राइनहोल्ड लवकर परतला होता, काखेत काहीतरी धरून. तिला ओट्यापाशी पाहून तो शेवटच्या पायरीवर थांबला. अंगाला मिऱ्याचा आणि चरबीचा वास. त्याने ओट्यावरची अर्धुकं पाहिली, उघडा डबा पाहिला, आणि मग काखेतली वस्तू लपवायला जागा शोधत राहिला, एवढा मोठा माणूस. ती दुकानातली पेटी होती. कारखान्यात भरलेल्या नव्या काडतुसांची, चकचकीत पुठ्ठ्याची. त्या घरात असली पेटी कधी आली नव्हती. सासरा जिवंत असता तर जेवला नसता. राइनहोल्डने ती अखेर कोपऱ्यात ठेवली, त्यावर टोपी ठेवली, आणि सांगितलं की मार्लिससाठी आणलीय, यंदा तेवढं असू दे, पितळ सगळं एकाच वयाचं आहे आपलं, एकदम थकलं. एमिलला आपण भरलेल्या काडतुसांची पेटी दिली तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, नाहीतर दिलीच नसती. तो हे सगळं ओट्याला सांगत होता. टिली त्याच्याकडे बघत होती आणि तिला दिसत होतं, की हा माणूस रविवारपासून बायकोच्या पास केलेल्या पुंगळ्या एकेक करून कापत बसला होता, एखादी तरी चांगली निघावी म्हणून. आणि वाईट निघालेल्या त्याने भंगारात फेकल्या नव्हत्या, नाताळच्या डब्यात निजवून ठेवल्या होत्या.

ओट्यावर, दाबयंत्राच्या सावलीत, एक पुंगळी कापायची राहिली होती. लाल ठिपक्याची. बाहेरून बुडाच्या वर उजळ रेघ, इतकी लख्ख, की चष्म्याशिवाय दिसावी. शेजारी तिची तार होती, वरच्या खिळ्यावरून पुन्हा खाली आलेली. टिलीने पुंगळी उचलली. राइनहोल्डने हात पुढे केला आणि मागे घेतला. तिने तार आत घातली आणि डोळे मिटले. पूर्वी डोळे मिटले की आतली सगळी भिंत तिला दिसायची, रात्री स्वतःचं घर दिसतं तशी. कुठे खरबरीत, कुठे गुळगुळीत, कुठे उंबरा. तार बुडाला टेकली ते तिला आवाजावरून कळलं. तिने ती वर ओढली. पुन्हा ओढली. आत काहीच नव्हतं. भिंत नव्हती, चर नव्हता, तार नव्हती. कुठेतरी लांब, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात, काहीतरी हललं असेल नसेल. पण आवाज येत होता. दर वेळी तार वर येताना, बुडाच्या जरा वर, टक्. शांत तळघरात ते दोघांनाही ऐकू येत होतं. टक्.

“जुनं झालंय ते, टिली,” राइनहोल्ड म्हणाला. “पितळ आहे. कधीतरी थकायचंच.”

तिने पुंगळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि आपली बोटं त्याच्या तळहातावरच राहू दिली. ती तिथे आहेत हे तिला डोळ्यांनी बघावं लागलं.

“पितळेच्या माथी नको मारूस, राइनी,” ती म्हणाली. “माझ्या बोटांना काही कळत नाही.”